माळेगावच्या यात्रेत पाल, निळा ठिपका गंजगोलाईत

अप्पांचं दुकान लातुरात, गंजगोलाई या गोल बाजारपेठेपासून चालत पाच मिनिटांवर. कडबाकुट्टी, पिठाच्या घरगुती गिरण्या, पाण्याच्या मोटारी. दरवर्षी मार्गशीर्षात ते माळेगावला पाल ठोकतात. हे माळेगाव लोहा तालुक्यातलं, नांदेड-लातूर रस्त्यावरचं, खंडोबाचं. वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते, बेल-भंडारा उधळला जातो आणि पुढचे चार-पाच दिवस त्या माळावर घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी बैल, देवणी गायी, कृषी प्रदर्शन, कुस्त्या, लावणी, वाघ्या-मुरळी असं सगळं एकाच धुरळ्यात चाललेलं असतं. जनावर घेणाऱ्याला आज ना उद्या कुट्टी लागतेच, हा अप्पांचा हिशोब. तो बरोबर आहे.

आमची जाहिरातींची छोटी एजन्सी आहे. तीन माणसं. त्या साली अप्पा म्हणाले, "फलक नको, पत्रकं नको. लोक त्याच्यावर भजी खातेत. यात्रेत आलेल्या माणसाच्या मोबाइलवर डायरेक्ट दिसंल असं काय करता येतंय का?" मी म्हणालो, येतंय. आणि पुढे एक वाक्य जास्तीचं बोललो: "फक्त यात्रेतल्याच माणसाला दिसेल, बाहेर एक रुपया जाणार नाही." हे सगळं प्रकरण त्या वाक्याचं आहे.

बजेट तीस हजार. त्यातले वीस एका मोठ्या जाहिरात प्लॅटफॉर्मवर आणि दहा एका मध्यस्थामार्फत, जो वेगवेगळ्या ॲपमध्ये जाहिराती लावून देतो आणि ज्यानं मला "अगदी पालापर्यंत अचूक" असं सांगितलं होतं. आपल्याला जे ऐकायचं असतं ते कुणी सांगितलं की आपण फार खोलात विचारत नाही.

कोणतं माळेगाव?

पहिली चूक आमच्याच ऑफिसातली. पोरानं जागेच्या रकान्यात गावाचं नाव रोमनमध्ये टाईप केलं आणि वरचा पहिला पर्याय निवडला. मराठीत लिहिताना आपण नाशिकचं मालेगाव आणि आपलं माळेगाव वेगळं लिहितो, एका ळ-ने काम भागतं. रोमनमध्ये तो ळ राहत नाही. शिवाय वाशिम जिल्ह्यात एक मालेगाव, बारामतीकडे कारखान्याचं माळेगाव. लोकसंख्येनं सगळ्यांत मोठं नाशिकचं, म्हणून यंत्र तेच वर दाखवतं. सकाळी सातला जाहिरात सुरू झाली आणि साडेअकराला अप्पांच्या दुकानात फोन आला: "मालेगाव कॅम्पात कुठं लागलंय तुमचं पाल?" अप्पांना वाटलं माणूस चेष्टा करतोय.

नाव काढून टाकलं आणि नकाशावर खंडोबाच्या देवळावर टाचणी रोवली. भोवती एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ, त्याहून लहान घेता येत नव्हतं. आता एक किलोमीटर म्हटलं की डोळ्यांसमोर छोटं रिंगण येतं. शेतकऱ्याच्या मापात मोजा: ते साधारण पावणेआठशे एकर होतं. त्यात यात्रेचा माळ आला, गाव आलं, आजूबाजूची शिवारं आली आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मधून जाणारा हमरस्ता आला. नांदेडहून लातूरला निघालेली एसटी त्या वर्तुळातून पुढं जाते. गर्दीत अडकली तर जास्तच वेळ असते. खिडकीत बसून फोन चाळणारा, उदगीरला लग्नाला निघालेला माणूस आमच्या दृष्टीनं यात्रेकरू झाला.

आणखी एक चावी तपासायची राहिली होती. या प्लॅटफॉर्मांवर जागा निवडली की आपोआप लागू होणारा पर्याय बहुधा "त्या जागी असलेले किंवा त्या जागेत रस दाखवलेले" असा असतो. रस दाखवलेले म्हणजे पुण्यात बसून यात्रेची तारीख शोधणारे, मुंबईत बसून लावणी महोत्सवाचे व्हिडिओ पाहणारे. यात्रेच्या आठवड्यात असे लोक यात्रेतल्या फोनवाल्यांपेक्षा कमी नसतात. हा पर्याय मी दुपारी बदलला. तोवर पहिल्या दिवसाचे निम्मे पैसे गेले होते.

गंजगोलाईतला निळा ठिपका

संध्याकाळी आकडे झकास दिसत होते. हजारोंनी पाहिली, शेकड्यांनी बोट लावलं. रात्री अप्पांचा फोन: "ओ सर, तुमचं ते मोबाइलवालं कुणालाच दिसंना की. आपल्याच पोरांला दिसायलंय नुस्तं."

दुसऱ्या दिवशी मीच गेलो. पाल म्हणजे वर पत्रे, तीन बाजूंनी ताडपत्री, पुढे दोन एचपीचं मशीन, शेजारी ओल्या कडब्याचा भारा आणि एक पोरगा प्रात्यक्षिक दाखवायला. मागं गल्ल्याशेजारी राऊटर लुकलुकत होता. दरवर्षी यात्रेत नेट जातं आणि यूपीआयचं पेमेंट अडकतं म्हणून अप्पांनी दुकानातला सिमवाला राऊटर उचलून आणला होता, आणि जोडीला मुलाचा जुना डोंगल.

मी खिशातून फोन काढला आणि नकाशा उघडला. निळा ठिपका गंजगोलाईत होता.

अप्पांचा फोन बघितला, गंजगोलाई. प्रात्यक्षिक देणाऱ्या पोराचा बघितला, तोही लातुरात. सगळे माळेगावच्या धुळीत उभे आणि नकाशावर सगळे लातूरच्या बाजारात. "आपण इथं आलोच न्हाई का काय?" अप्पा म्हणाले.

कारण समजायला मला थोडा वेळ लागला, आणि या प्रकरणातलं सगळ्यांत उपयोगी शिक्षण तेच. फोनला स्वतःची जागा आपोआप कळत नाही, तो अंदाज करतो. सगळ्यांत चांगला अंदाज उपग्रहांचा. उघड्या आभाळाखाली साधा फोनही पाचएक मीटरच्या आसपास नेऊन ठेवतो. पण त्यासाठी प्रत्येक उपग्रह नेमका कुठं आहे याची माहिती लागते. एरवी ती इंटरनेटवरून चटकन मिळते. नेट तुंबलं की ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि उपग्रह ती दर तीस सेकंदांनी एकदा पूर्ण सांगतो. म्हणजे अर्धा मिनिट तरी आभाळ दिसलं पाहिजे आणि फोननं धीर धरला पाहिजे. पत्र्याखाली आभाळ नाही. जाहिरात दाखवणाऱ्या ॲपला धीर तर त्याहून नाही. कुणाला कोणती जाहिरात दाखवायची हा लिलाव सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकतो.

मग फोन दुसरीकडे वळतो: आसपास कोणते वायफाय आहेत? कोणता राऊटर कुठं असतो याची मोठी वही कंपन्यांकडे असते, येणाऱ्या-जाणाऱ्या फोनांनीच ती भरलेली असते. त्यासाठी वायफायला जोडलेलं असायचीही गरज नाही, राऊटर हवेत सोडतो तो त्याचा यंत्र-क्रमांक नुसता ऐकू आला तरी पुरे. एखादी खूण हललेली असू शकते म्हणून हिशोबाला साधारण दोन तरी ओळखीच्या खुणा लागतात. अप्पांनी दोन्ही आणल्या होत्या. राऊटर गंजगोलाईचा, डोंगल गंजगोलाईचा. फोननं प्रामाणिकपणे जोडणी केली आणि आम्हाला लातूरला पाठवून दिलं.

पालाबाहेर आलो, मोकळ्या जागेत फोन हातात धरून उभा राहिलो. चाळीसेक सेकंदांनी ठिपका उडाला आणि माळेगावात आला. परत पत्र्याखाली गेलो, थोड्या वेळानं परत लातूर.

आता त्या ओळीतली बाकीची पालं बघा. नांदेडचा भांडीवाला, परभणीचा घोंगड्या-चादरीवाला, हिंगोलीचा मिठाईवाला. ज्यानं ज्यानं दुकानातलं यंत्र आणलं, त्यानं त्यानं आपल्या शहराचा तुकडा बरोबर आणला. त्यांच्या दारात उभं राहणारं गिऱ्हाईक काही वेळापुरतं त्या शहरात जातं आणि आमच्या वर्तुळातून बाहेर पडतं. नेमका खरेदीला थांबलेला माणूस आम्हाला दिसत नाही, आणि एसटीच्या खिडकीतला दिसतो.

टॉवरची गोष्ट वेगळी नाही

वायफायही नसेल तर उरतो टॉवर. खेड्यापाड्यात एक टॉवर काही किलोमीटरांचा मुलूख सांभाळतो, त्यामुळे त्यावरून काढलेली जागा तेवढीच ढोबळ. गर्दीत ती आणखी बिघडते. जवळचा टॉवर भरला की फोन लांबच्या टॉवरला लटकतो आणि शेजारच्या गावात असल्यासारखा दिसू लागतो. मोठ्या यात्रांत कंपन्या चाकांवरचे फिरते टॉवर आणून उभे करतात. लोकांना बोलता येतं, चांगली सोय. पण त्या टॉवरची जागा वहीत कुठली लिहिलेली असेल? गेल्या वेळी तो जिथं उभा होता तिथली असू शकते. यात्रा चार-पाच दिवसांची, वही दुरुस्त होईपर्यंत टॉवर पुढच्या गावी.

आणि ज्या जाहिरातवाल्याकडे एवढंही नाही तो आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर फोन ज्या क्रमांकानं दिसतो त्यावरून, जागा ओळखतो. मोबाइल नेटवरचे कितीतरी फोन बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यामागून दिसतात, आणि तो पत्ता बहुधा कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्राचा असतो. लोह्यातला शेतकरी मुंबईकर होतो तो असा.

हे सगळं त्या दहा हजारवाल्या मध्यस्थाच्या अहवालात उघडं पडलं. मी हट्ट करून कच्ची यादी मागवली. प्रत्येक ओळीत अक्षांश-रेखांश, दशांश चिन्हानंतर सहा-सहा आकडे. बघायला फार अचूक. सहा आकडे म्हणजे वीतभरही नाही इतकी बारीक जागा. पण यादी लावून बघितली तर शेकडो ओळींत तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत तोच. शेकडो माणसं वीतभर जागेत एकमेकांच्या खांद्यावर उभी होती असं मानायचं, नाहीतर सरळ समजायचं की कुणाला तरी "माळेगाव" एवढंच कळलं होतं आणि यंत्रानं गावाच्या नावाचा मधला बिंदू काढून प्रत्येकासमोर चिकटवला होता. उरलेल्या ओळींत दोनच दशांश. दोन दशांश म्हणजे किलोमीटरभराचा फरक. त्या ओळी मला जास्त खऱ्या वाटल्या. निदान आपल्याला किती माहीत आहे हे त्या लपवत नव्हत्या.

तेव्हापासून जागेवरून जाहिरात विकणाऱ्या कुणालाही मी पहिला प्रश्न हाच विचारतो: ही जागा उपग्रहाची, आयपीची, की माणसानं स्वतः नोंदवलेली? जाहिरातीच्या लिलावात बोली मागवताना यंत्र जे मागणीपत्र पाठवतं, त्यात ही नोंद करायला वेगळा रकाना असतो. तो रिकामा असेल तर बोलणं तिथंच संपवतो.

फोन कुठं असतो?

यंत्राचं झालं. माणसाचंही बघायला हवं होतं, ते मी लातुरात बसून बघितलं नव्हतं. जनावरांच्या बाजारात एका म्हाताऱ्यांना विचारलं, फोन आहे का. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. टचवालाच होता. "नेट बंद ठिवतो. ब्याटरी जाती अन् चोराचं भ्या." मुलाशी चुकामूक झाली तर लावायला हवा म्हणून तो जपून ठेवलेला. बायकांच्या घोळक्यात तर पाच-सहा जणींत एक फोन. तेलंगण-कर्नाटकातून आलेले घोडेवाले होते, त्यांचे फोन तेलुगू-कन्नडमध्ये, आणि आमची जाहिरात मराठी भाषा निवडलेली.

वरून परवानगीचा प्रश्न. अँड्रॉइडवर २०१९ पासून "ॲप वापरतानाच जागा कळू दे" हा पर्याय आहे, आणि अचूक की ढोबळ हे २०२१ पासून माणूस स्वतः ठरवतो. आयफोनवर ढोबळ जागेचा पर्याय २०२० पासूनचा. लोक तो निवडतात आणि निवडावाच. म्हणजे फोन खिशात असताना आम्ही आंधळे, आणि हातात आल्यावरही अर्धे आंधळे.

मग जाहिरात बघत कोण होतं? दिवसभर फोन हातात असलेले, नेट चालू असलेले, पाच दिवस त्याच वर्तुळात मुक्काम असलेले. पालवाले. शेजारचा मिठाईवाला मला बघून हसायला लागला. "तुमची कुट्टी दिवसातून ईस येळा दिसायली भाऊ. माझ्याकडं म्हैस बी न्हाई." एकाच माणसाला दिवसातून किती वेळा दिसावी याची मर्यादा मी घातलीच नव्हती. बंदोबस्तातले पोलीस, पालवाले, पाळणेवाले यांच्यावर आम्ही तीस हजारांतला मोठा हिस्सा खर्च केला असणार.

अमावस्या

आता एक गोष्ट लिहिताना मलाच लाज वाटते. दुसऱ्या दिवसासाठी मी सगळ्यांत जास्त पैसे ठेवले होते, कारण कुठल्याही मेळ्यात दुसरा दिवस भरतो असा माझा ठोकताळा. पण चतुर्दशीचा दुसरा दिवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे येळवस. लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या आमच्या बाजूच्या पट्ट्यात त्या दिवशी माणूस शेतात असतो. कडब्याची कोप, पाच पांडव, भज्जी, आंबिल, उंडे. लातूर शहरात त्या दिवशी कर्फ्यू लागल्यासारखे रस्ते असतात. माझं स्वतःचं घर त्या दिवशी शेतात होतं आणि मी एकटा माळेगावात उभा राहून, आज लातूरकडची माणसं का कमी, असा विचार करत होतो.

वर्तुळात पावणेआठशे एकर घेतले होते त्याचं फळ त्या दिवशी मिळालं. जाहिरात खर्च होत राहिली. कुठं? त्या शिवारांत जेवायला बसलेल्या लोकांच्या फोनवरही गेली असणार. कडब्याच्या कोपीत बसून आंबिल पिणाऱ्या माणसाला आम्ही कडबा तोडायचं यंत्र दाखवलं.

मग काय केलं

दुपारी तीनला सगळं बंद केलं. मध्यस्थाचे उरलेले पैसे थांबवले. अप्पा चिडले नव्हते, पण त्यांनी एक अवघड प्रश्न विचारला. २०२३ मध्ये सरकारनं आपत्तीच्या सूचनेची चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम मोठ्यानं वाजले होते ना? "त्येंला जमलं. तुमाला का जमंना?" प्रश्न वाजवी आहे. ती यंत्रणा कुणाची जागा शोधतच नाही. टॉवर आपल्या टापूत ओरडतो, ज्याला ऐकू आलं त्याचा फोन वाजतो, नंबरही माहीत लागत नाही. गर्दीत चालणारी खरी पद्धत तीच आहे, पण ती आपत्तीसाठी राखलेली आहे, कुट्टीसाठी नाही. धंद्याचे घाऊक एसएमएस पाठवायचे तर आधी नोंदणी, मजकुराचा साचा मंजूर, सगळं आलं. यात्रेच्या मध्यात ते होत नसतं.

त्याच संध्याकाळी एका ओळखीच्यानं "यात्रेला आलेल्यांच्या नंबरांची यादी" देऊ केली. भाव स्वस्त होता. यादी कुठून आली हे तो सांगेना. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा हे एक कारण, पण त्याच्या आधीचं कारण साधं आहे: खंडोबाला आलेल्या माणसानं आपला नंबर मला दिलेला नाही.

उरलेले नऊ हजार आम्ही यात्रेत खर्चच केले नाहीत. माणूस घरी कुठं असतो आणि फोन कधी बघतो ते अप्पांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. लोहा, कंधार, अहमदपूर, मुखेड, पालम, गंगाखेड हे तालुके घेतले, माळेगावचं वर्तुळ उलट वगळलं. वेळ रात्री साडेसात ते दहा. एका माणसाला दिवसातून दोनदाच. मजकूर बदलला: "उद्या यात्रेला येताय? पाल कृषी प्रदर्शनाच्या डाव्या अंगाला, पिवळी ताडपत्री." तालुक्याएवढ्या मापात टॉवरचा अंदाज चुकला तरी फार बिघडत नाही. रात्री माणूस घरात, घरच्या टॉवरवर, नेट चालू. यंत्राला जेवढं नक्की कळतं तेवढंच त्याला विचारलं.

आणि पालावर एक वही ठेवली. येणाऱ्या प्रत्येकाला पोरगा एकच विचारायचा, कुठं कळलं? ही वही मला पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी होती, कारण प्लॅटफॉर्मच्या पाटीवर "भेटी" म्हणून दिसणारा आकडा त्याच चुकलेल्या ठिपक्यांतून काढलेला असतो. लातूरला गेलेला ठिपका भेट म्हणून मोजला जात नाही, आणि पालासमोर मुतारी शोधत उभा राहिलेला मोजला जातो.

यात्रा उठली तेव्हा वहीत बुकिंग अकरा मशीनची. त्यातली सहा नुसती चालता चालता मशीनचा आवाज ऐकून थांबलेल्यांची, दोन जुन्या गिऱ्हाइकांच्या पाहुण्यांची. तिघांनी फोनवर बघितल्याचं सांगितलं. तिघांनीही आदल्या रात्री घरी. यात्रेत उभं असताना फोनवर बघून आलेला एकही नाही. अकरा हा आकडा लहान आहे, त्यावर मी सिद्धांत मांडणार नाही. पण एकवीस हजार आणि शून्य हेही मी अप्पांपासून लपवलं नाही. माझी फी मी त्या नऊ हजारांवरच लावली.

यंदा परत गेलो. वर्तुळ नाही, मध्यस्थ नाही. यात्रेच्या चार दिवस आधीपासून तालुके, येळवसेला पूर्ण सुट्टी. राऊटर दुकानातच ठेवला आणि नवा खोक्यातला आणला, ज्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. पाल लागल्यावर सवयीनं नकाशा उघडला. भलंमोठं फिकट वर्तुळ, मधे ठिपका, माळेगावच्या आसपास कुठंतरी. मला बरं वाटलं. मग दुपारी शेजारच्या चादरीवाल्यानं आपलं सामान लावलं, त्याच्याकडेही राऊटर आणि कॅमेऱ्याचं काहीतरी यंत्र. तासाभरानं अप्पांनी फोन पुढं केला. ठिपका परभणीत, स्टेशन रोडला.

"गेल्या साली लातूर, औंदा परभणी," अप्पा म्हणाले आणि पोराला कडब्याची पेंढी टाकायला सांगितली. "पुढल्या साली येतंय बगा माळेगाव."